सदाशिव यांची धाप: कारागृह, एचआयव्ही आणि टीबीनंतरची फुप्फुसे (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका मध्यवर्ती कारागृहातले. शिक्षाबंदीचे नाव सदाशिव धरू. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि गुन्ह्याचा तपशील बदलला किंवा गाळला आहे. कारागृहाच्या दवाखान्यात दर आठवड्याला जाणाऱ्या एका आरोग्य पथकात मी डॉक्टर होतो.

सदाशिव पन्नाशीला टेकलेले. आत येण्याआधी यंत्रमागावर कामाला. बिडी मिसरूड फुटायच्या आधीपासूनची. एचआयव्हीचे निदान बाहेर असतानाच झालेले. एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या उपचाराची, पहिली औषधे काही वर्षांनी लागू पडेनाशी झाली, म्हणून ते सेकंड लाइनवर, म्हणजे अ‍ॅटाझनाविर आणि रिटोनाविर असलेल्या गोळ्यांवर आले. रिटोनाविरचे नाव इथेच लक्षात ठेवावे, पुढचे बरेचसे त्याच्याभोवती फिरते. टीबी दोनदा झालेला, एकदा बाहेर आणि एकदा आत. दोन्ही वेळा औषधे पुरी केलेली. विषाणूभार (रक्तातले एचआयव्हीचे प्रमाण) दबलेला, सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी चारशेच्या वर. एआरटी केंद्राच्या हिशेबी हा अगदी छान चाललेला रुग्ण होता.

पण सीडी४ चांगला म्हणून फुप्फुसे चांगली असतातच असे नाही. एचआयव्ही असलेल्या माणसाला सीओपीडी, म्हणजे वायुमार्ग कायमचे अरुंद करणारा आजार, इतरांपेक्षा लवकर आणि जास्त प्रमाणात होतो. गोळ्या नियमित असल्या तरी शरीरात मंद दाह सुरूच राहतो, त्यात जुने न्यूमोनिया, टीबीचे व्रण आणि बिडी. देशातल्या प्रौढांत एचआयव्हीचे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, पाहणीत बंद्यांमध्ये ते दोन टक्क्यांच्या जवळ आढळले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातली कारागृहे क्षमतेच्या १३१ टक्के भरलेली होती. अशा बराकीत संध्याकाळी दारे बंद झाली की सकाळपर्यंत एकाचा श्वास दुसऱ्याच्या नाकात.

अडचण

हिवाळा लागला आणि सदाशिव दवाखान्यात वरचेवर येऊ लागले. खोकला, बेडका, छातीत घरघर, दोन-तीन किलो वजन घटलेले. दर वेळी तेच चक्र: नेब्युलायझेशन, अँटिबायोटिक, पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. आठ-दहा दिवस बरे वाटायचे आणि मग पुन्हा. रात्री धाप लागली की शेजारचा बंदी गज वाजवायचा, पहारेकरी यायचा, किल्लीसाठी निरोप जायचा, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत पाऊण तास सहज उलटायचा.

एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात व्रण आणि एक पोकळी. एचआयव्ही, आधी दोनदा टीबी, खोकला, वजन कमी, पोकळी. एवढे समोर असताना कोणाच्याही मनात टीबीच येणार. मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून तिसऱ्यांदा टीबीची औषधे सुरू करण्याचा सल्ला आला.

सदाशिवना स्वतःला ते पटत नव्हते. ते म्हणाले, "साहेब, दोनदा झालाय मला टीबी. तवा ताप यायचा, जेवण जायाचं न्हाई. आता जेवण जातंय, पर कारखान्याचा जिना चढवंना." टीबी अंगावरून गेलेला माणूस हे सांगतो तेव्हा तो इतिहासाचा सर्वांत मोलाचा भाग असतो. केसपेपरवर मात्र "खोकला, २० दिवस" एवढेच लिहिलेले होते.

पहिला निर्णय: टीबीची औषधे द्यायची की थांबायचे

टीबी असेल आणि औषधे दिली नाहीत, तर जीव त्यांचा जाणार आणि लागण सगळ्या बराकीला होणार. म्हणून "देऊन टाकू, नसला तरी काय बिघडते" हा विचार कारागृहात फार लवकर पटतो. इथे मात्र बिघडणार होते. टीबीच्या उपचारातले रिफाम्पिसिन अ‍ॅटाझनाविरची रक्तातली पातळी इतकी खाली आणते की ही दोन औषधे बरोबर देता येत नाहीत. रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन द्यायचे किंवा एआरटी बदलायची, दोन्हीत गुंतागुंत. नसलेल्या टीबीसाठी नीट बसलेली एआरटी हलवायची आणि खरा आजार तसाच सोडायचा, हा सौदा आम्हाला मान्य नव्हता.

त्यांना दवाखान्यातल्या टीबीच्या खोलीत ठेवावे, असाही आग्रह होता. आधीच पोखरलेली फुप्फुसे आणि एचआयव्ही असलेला माणूस, टीबी सिद्ध झालेला नसताना, टीबीच्या रुग्णांशेजारी झोपवणे मला धोक्याचे वाटले. शेवटी मधला मार्ग काढला. थुंकीचे दोन नमुने सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू लवकर शोधणाऱ्या तपासणीला, आणि एक कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायला. सीबीनॅटचा निकाल येईपर्यंत खिडकी असलेल्या वेगळ्या खोलीत एकटे. दोन्ही नमुने निगेटिव्ह आले तर बराकीत परत. लिक्विड कल्चरला सहा आठवडेही लागू शकतात, आणि तेवढा काळ माणसाला वेगळे ठेवले की बराकीत त्याच्याविषयी काय काय बोलले जाते हे सगळ्यांना ठाऊक होते.

निर्णय पक्का झाला तो एका जुन्या एक्स-रेमुळे. पहिल्या टीबीच्या शेवटी काढलेली फिल्म घरी असेल, असे सदाशिवनी सांगितले. त्यांच्या बायकोने ती ट्रंकेच्या तळातून, खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली, शोधून आणली. मुलाकतीच्या खिडकीवर ती घेईनात; फिल्म ही मुलाकतीत द्यायची वस्तू नव्हे. अधीक्षकांकडे अर्ज केला, त्यांनी त्याच दिवशी सही केली, तेव्हा ती दवाखान्यात आली. दोन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात शेजारी धरल्या. सहा वर्षांपूर्वीची पोकळी आणि आजची पोकळी जागेला, आकाराला सारखीच होती. भोवतीचे व्रणही तेच. सीबीनॅट दोन्ही वेळा निगेटिव्ह आले, पुढे कल्चरमध्येही काही उगवले नाही. जुन्या पोकळीत बुरशीची गाठ धरली असेल अशी शंका होती; बेडक्यातून रक्त नव्हते, सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही, रक्ताची तपासणीही निगेटिव्ह आली.

टीबी बाजूला झाल्यावरच स्पायरोमेट्रीला, म्हणजे फुंकर मोजायच्या तपासणीला, पाठवले. संसर्गाची शंका असताना जोरात फुंकायची तपासणी करत नाहीत. वायुमार्ग मोकळे करणारे साल्ब्युटामॉल दिल्यानंतरही एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा) आणि एफव्हीसी (एका दमात बाहेर टाकलेली सगळी हवा) यांचे गुणोत्तर ०.५२ होते, ०.७० च्या खाली गेले की वायुमार्ग कायमचे अरुंद झाले असे मानतात. एफईव्ही१ अपेक्षेच्या ४१ टक्के. बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन ९३ टक्के, सहा मिनिटे चालल्यावर ८६. टीबीनंतरचा फुप्फुसविकार आणि सीओपीडी, दोन्ही एकाच छातीत.

पंप आणि हिरवे पुस्तक

निदान झाले, औषध मिळाले, आणि खरा गुंता तिथून सुरू झाला.

बाह्यरुग्ण विभागातून त्यांना फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप दिला गेला. सरकारी दवाखान्यात सहज मिळणारा, दम्यात आणि सीओपीडीत रोज लिहिला जाणारा पंप. पण रिटोनाविर यकृतातले जे विकर (एन्झाइम) अडवते, तेच विकर ब्युडेसोनाइड मोडून शरीराबाहेर काढते. ते अडले की फुप्फुसापुरते दिलेले स्टेरॉइड रक्तात साठत जाते. फ्लुटिकासोन या दुसऱ्या स्टेरॉइडचेही तेच होते. काही महिन्यांत माणसाला तोंडाने भरपूर स्टेरॉइड दिल्यासारखी लक्षणे दिसतात आणि शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी काम थांबवतात.

लिहिणाऱ्या डॉक्टरांना रिटोनाविरची कल्पना नव्हती, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कारागृहातून रुग्णाबरोबर जाणारी चिठ्ठी त्याला नेणाऱ्या पोलीस पार्टीच्या हातात असते. पूर्वी एका बंद्याच्या चिठ्ठीवर "एचआयव्ही" लिहिले होते, ती वाटेत वाचली गेली, संध्याकाळपर्यंत बराकीत बातमी पसरली आणि त्याचे जेवणाचे ताट वेगळे झाले. तेव्हापासून चिठ्ठीवर एचआयव्हीचा उल्लेख नाही आणि एआरटीचे हिरवे पुस्तक दवाखान्याच्या कपाटाबाहेर काढायचे नाही, असा शिरस्ता पडला होता. हेतू चांगला आणि कायद्याला धरून. २०१७ चा एचआयव्ही कायदा माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करू देत नाही. पण तोच कायदा उपचारासाठी गरज असेल तेव्हा एका डॉक्टरने दुसऱ्या उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगण्याची मुभाही देतो. शिरस्ता पाडताना ही दुसरी बाजू कोणाच्या ध्यानात आली नाही.

पहिले दोन महिने सगळे खूश होते. धाप कमी झाली, वजन वाढले, चेहरा भरला. "सदामामाला जेल मानवलं," असे बराकीत म्हणू लागले. आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्राच्या, समुपदेशक ताईंना मात्र वजनाचे आकडे खटकले. पाच महिन्यांत सात किलो, आणि हातपाय तर काडीसारखेच. त्यांनी सदरा वर करायला सांगितला. पोटावर जांभळे ओरखडे होते. दंडावर, पहारेकऱ्याने नुसते धरून उठवले होते तिथे, काळानिळा डाग. त्यांनी पंपाची डबी आणि हिरवे पुस्तक एकाच टेबलावर ठेवले आणि आम्हाला बोलावले. या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण, आणि तो डॉक्टरांमुळे आलेला नाही. सकाळचे कॉर्टिसॉल, म्हणजे त्या ग्रंथी बनवतात ते स्टेरॉइड, जवळजवळ शून्यावर होते. साखर वाढलेली, रक्तदाबही.

समोरचे पर्याय

पंप ताबडतोब बंद करणे हा पहिला आणि सर्वांत घातक पर्याय. ग्रंथी झोपलेल्या असताना बाहेरचे स्टेरॉइड एकदम थांबले, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो.

ब्युडेसोनाइडऐवजी बेक्लोमेथासोन हे दुसरे स्टेरॉइड देता आले असते. रिटोनाविरशी त्याचे फारसे वाकडे नाही. पण सदाशिवना स्टेरॉइडच्या पंपाची गरज होती का? रक्तातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी शंभराच्या खाली, म्हणजे सीओपीडीत अशा पंपाचा फायदा बेताचाच. उलट टीबी होऊन गेलेल्या, एचआयव्ही असलेल्या माणसात तो न्यूमोनिया आणि टीबीचा धोका वाढवतो. छातीविकारतज्ज्ञांनी स्टेरॉइड पूर्ण वगळून वायुमार्ग सैल ठेवणारे टायोट्रोपियम सुचवले. त्याचा रिटोनाविरशी झगडा नाही आणि ते दिवसातून एकदाच घ्यायचे असते. बराकीच्या वेळापत्रकात या एकदाच घेण्याला फार किंमत आहे.

वाद झाला तो एआरटीवर. रिटोनाविर काढून डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्याच दुसऱ्या औषधावर न्यावे का? एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांचे म्हणणे होते, विषाणूभार दबलेला आहे, बसलेली घडी मोडू नका. तेही चूक नव्हते. आधीची औषधे एकदा निष्प्रभ झालेल्या माणसाच्या बाबतीत जपूनच पाऊल टाकावे लागते. आमचे म्हणणे वेगळे होते. सदाशिवच्या आयुष्यात पुढे किती डॉक्टर येतील आणि त्यांच्यापैकी किती जण हिरवे पुस्तक पाहतील? दमेकऱ्याला स्टेरॉइडचा पंप किंवा इंजेक्शन देणारा पुढचा डॉक्टर एखाद्या तालुक्याच्या गावी बसलेलाच आहे. शिवाय पुन्हा टीबी झालाच, तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा देऊन रिफाम्पिसिन वापरता येते. अ‍ॅटाझनाविरवर ती सोय नाही. प्रकरण राज्य पातळीवरच्या तज्ज्ञ समितीकडे गेले आणि समितीने बदलाला मान्यता दिली.

तरीही क्रम ठरवायचा होता. स्टेरॉइड आणि रिटोनाविर एकाच आठवड्यात काढले, तर शरीरात साठलेले स्टेरॉइड झपाट्याने उतरणार. म्हणून आधी कॉर्टिसॉलची जागा घेणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सुरू करायच्या, मग पंप बदलायचा, काही आठवड्यांनी एआरटी, आणि त्यानंतर हायड्रोकॉर्टिसोन हळूहळू उतरवायचे, असे ठरले.

प्रत्यक्षात काय केले

टायोट्रोपियम कारागृहाच्या औषध यादीत नव्हते. स्थानिक खरेदीतून ते मिळायला तीन आठवडे गेले, आणि तोवर हायड्रोकॉर्टिसोनच्या आधारावर जुनाच पंप कमी मात्रेत चालू ठेवावा लागला.

पंप ठेवायचा कोणाकडे, यावर तुरुंगाधिकाऱ्यांशी दोन बैठका झाल्या. धातूची डबी बराकीत नको, हा त्यांचा आक्षेप. सुरक्षेची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर आहे त्याने तो घेणारच, त्यात आडमुठेपणा नव्हता. पण रात्री धाप लागल्यावर पाऊण तास वाट पाहणे काय असते, हे त्यांच्याच रात्रपाळीच्या नोंदवहीतून दाखवता आले. ठरले ते असे: साल्ब्युटामॉलचा पंप सदाशिवच्या जवळ, त्यावर क्रमांक, दर आठवड्याला दवाखान्यात दाखवायचा, टायोट्रोपियम रोज सकाळी बराक उघडल्यावर दवाखान्यात येऊन घ्यायचे.

कामाचा प्रश्न अवघड होता. सदाशिव विणकाम विभागात होते. सुताचे तूस दिवसभर छातीत जाई, पण काम सोडले की मजुरी गेली, आणि त्या मजुरीतून ते घरी पैसे पाठवत. "आजारी" असा शेरा मारून मोकळे होणे कागदावर सोपे होते, पण त्यांना विचारल्यावर त्यांनी ते साफ नाकारले. फायली आणि पाकिटे बनवायच्या विभागात जागा मिळाली. मजुरी थोडी कमी, पण ती त्यांनी पत्करली.

बिडी सुटायला वेळ लागला. कारागृहात बिडी म्हणजे चलन असते. तिच्या बदल्यात साबण मिळतो, झोपायला बरी जागा मिळते. निकोटिनचा च्युइंगम आणि ताईंचा पाठपुरावा यांनी दिवसाला दहावरून दोन-तीनवर आली. उच्च न्यायालयात अपिलाची तारीख पुढे गेली की पुन्हा वाढायची. पूर्ण बंद झाली असे मी लिहू शकत नाही.

चिठ्ठीची पद्धत बदलली. सदाशिवची लेखी संमती घेऊन एआरटीसह सगळ्या औषधांची यादी बंद पाकिटात, वर "फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी". केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईत, आजाराचे नाव न घालता: "स्टेरॉइडवर अवलंबून. ताप, उलट्या, चक्कर आल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ. ताबडतोब."

परिणाम

त्या लाल ओळीची किंमत पावसाळ्यात कळली. बराकीत जुलाबाची साथ आली. सदाशिव रात्री चक्कर येऊन पडले तेव्हा रक्तदाब ८० वर होता. डॉक्टर घरी, दवाखान्यात औषधनिर्माता एकटा. त्याने ओळ वाचली, फोन लावला, इंजेक्शन दिले, सलाईन सुरू केले आणि मग गाडी मागवली. सकाळी सदाशिव रुग्णालयात उठून बसले होते.

एआरटी बदलल्यावरही विषाणूभार दबलेलाच राहिला. साखरेसाठी मेटफॉर्मिन सुरू होते. डोल्युटेग्राविरबरोबर ते दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर न्यायचे नाही एवढे सांभाळले, पुढे स्टेरॉइड उतरल्यावर साखरही खाली आली. कॉर्टिसॉल पूर्ववत व्हायला वर्षाचा बराचसा भाग गेला. पुढच्या हिवाळ्यात रात्रीची धावपळ एकदाच झाली. सहा मिनिटांत चालायचे अंतर २९० मीटरवरून ३५० वर गेले, यात फिजिओथेरपिस्टने शिकवलेले ओठ आवळून श्वास सोडणे आणि यार्डातल्या फेऱ्या यांचाही वाटा आहे. एफईव्ही१ मात्र ४१ वरून ४३ वर आले, म्हणजे होते तिथेच. जे फुप्फुस गेले ते गेले.

संचित रजेवर घरी असताना गावच्या डॉक्टरांनी त्यांना ब्युडेसोनाइडची वाफ आणि एक स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. तोवर रिटोनाविर शरीरातून गेलेले असल्याने त्याचा त्रास झाला नाही. एआरटी बदलावी की नाही या वादात मी आजही बदलाच्याच बाजूने उभा राहीन.

पुन्हा करायचे झाले तर

दुसऱ्या टीबीचा उपचार संपला त्या दिवशीच स्पायरोमेट्री करायला हवी होती. "बरा झाला" ही नोंद थुंकीपुरती खरी होती, श्वासाबद्दल ती काहीच सांगत नव्हती. एचआयव्ही असलेल्या प्रत्येक बंद्याचा टीबीचा उपचार संपताना एक एक्स-रे काढून जपून ठेवणे आणि एकदा फुंकर तपासणे, एवढ्याने सदाशिवचा पहिला हिवाळा वाचला असता. हातात धरायचे स्पायरोमीटर कारागृहात नेता येते. त्यासाठी पोलीस पार्टी, गाडी आणि तारीख लागत नाही.

बंद पाकिटाची पद्धत एका माणसासाठी सुरू झाली, ती सगळ्यांसाठी करायला हवी होती. आमच्या पाहणीत त्याच कारागृहात रिटोनाविरवर असलेला आणि दम्याचा पंप घेणारा आणखी एक बंदी निघाला. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला एचआयव्हीचे उपचार मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, आणि संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला नियम बंद्याला बाहेरच्या समाजाइतकीच आरोग्यसेवा द्यायला सांगतात. दोन दवाखान्यांचे कागद एकमेकांना भेटत नसतील तर तो हक्क अर्धाच पोहोचतो.

फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लसी पहिल्याच महिन्यात द्यायला हव्या होत्या. त्या वर्षभराने दिल्या गेल्या. सुटकेची तयारीही आम्ही उशिरा सुरू केली. एआरटीचे कागद त्यांच्या जिल्ह्यातल्या केंद्राकडे वळवणे सोपे होते, ती व्यवस्था रुळलेली आहे. टायोट्रोपियमसाठी तशी वाट नाही. त्यांच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ते मिळत नाही, आणि दर महिन्याला दुकानातून विकत घेणे यंत्रमागावरच्या माणसाला झेपणारे नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांना स्थानिक खरेदीसाठी पत्र दिले आहे. सुटकेला आठ महिने आहेत.